दात कोरून पोट भरते काय?

बाळकुमच्या मुला-मुलींनी दाताचा डॉक्टर व्हावे का? एक रोखठोक हिशेब

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. किरकोळ काटकसरीने संसार उभा राहत नाही, हा तिचा सरळ अर्थ. परंतु बारावीचा निकाल लागला, 'नीट'चे गुण हाती आले आणि एमबीबीएसला नंबर लागत नाही असे दिसले, की बाळकुम, ढोकाळी, कोलशेत या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत ही म्हण वेगळ्याच अर्थाने पुढे येते. "बीडीएसला मिळतंय, घालू का? पण पुढे पोट भरंल का त्याचं?" हा प्रश्न बाप विचारतो, मामा विचारतो आणि पोर गप्प बसते. उत्तर देणारे दोन प्रकारचे असतात. एक म्हणतो, "दाताचे डॉक्टर खोऱ्याने पैसा ओढतात." दुसरा म्हणतो, "गल्लोगल्ली दवाखाने झालेत, माश्या मारतात." दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे. उरलेले अर्धे कुणी सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

गाव तेच, गिऱ्हाईक बदलले

कापूरबावडीवरून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघाले, की खाडीच्या अलीकडे बाळकुम लागते. पूल ओलांडला की काशेली, म्हणजे भिवंडी तालुका सुरू. आगरी-कोळ्यांचे हे गाव. गावची म्हातारी माणसे आजही 'बालकुम' म्हणतात, कारण आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो. पावसाळ्यात भात आणि बारा महिने खाडीची मासळी यावर पिढ्या जगल्या. १९८२ साली ठाणे महापालिका झाली आणि आसपासच्या गावांबरोबर बाळकुमही शहरात आले. पाडा नंबर एक, दोन, तीन तसेच राहिले, पण शेतांच्या जागी संकुले उठली. आता भिवंडी-कल्याणकडे जाणाऱ्या मेट्रो पाचचे खांब या रस्त्यावर उभे आहेत. पुलापलीकडे काल्हेर, पूर्णा, कोपर, राहनाळ या गावांत गोदामेच गोदामे.

दाताच्या डॉक्टरच्या दृष्टीने पाहिले तर येथे तीन तऱ्हेची माणसे शेजारी शेजारी राहतात. पहिला गावठाणातला माणूस. तो दाढ सुजल्याशिवाय डॉक्टरचे तोंड पाहत नाही आणि आला की सांगतो, "कारून टाक." दुसरा संकुलातला नोकरदार. त्याने आधीच चार ठिकाणी दर विचारलेले असतात आणि मुलाच्या दातांना तार कधी लावायची, हे त्याला महिनाभर आधी ठरवायचे असते. तिसरा गोदामातला हमाल किंवा ट्रकचालक. तो रात्री आठनंतर येतो, हिंदीत बोलतो, गालात पुडी असते आणि दुसऱ्या दिवशी तो नाशिकला असेल की सुरतेला, हे त्यालाही ठाऊक नसते. या तिघांनाही एकाच खुर्चीवर बसवून, तिघांशी तीन भाषांत बोलून, तिघांचेही काम करणारा तो साधा दंतवैद्य. त्याच्या नावापुढे एमडीएस नसते. पण तोंडात काय चालले आहे, हे सगळ्यांत आधी पाहतो तोच.

सोड्याच्या दुकानावर चाललेले कॉलेज

हा धंदा आपल्या देशात फार जुना नाही. बाभळीचे किंवा कडुलिंबाचे दातवण, राखुंडी, मीठ-तेल आणि दुखलेच तर लवंग, एवढ्यावर आपल्या आज्या-पणज्यांचे दात चालले. दुखणे हाताबाहेर गेले की वैदू, न्हावी किंवा बाजारात चटई टाकून बसलेला दात काढणारा. शिकलेला दंतवैद्य ही चीज विसाव्या शतकातली. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून शिकून आलेले डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. ते चालवायला पैसा नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे सरबत-आइस्क्रीमचे दुकान काढले आणि त्याच्या नफ्यावर कॉलेज तगवले. दात किडवणाऱ्या गोड पाण्याच्या पैशावर दात वाचवणारी विद्या उभी राहिली, असे म्हटले तर वावगे ठरू नये! 'पोट भरेल का' हा प्रश्न या धंद्याच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीशी आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे, तर शासकीय दंत महाविद्यालय १९४५ चे. १९४८ साली दंतवैद्यक कायदा झाला आणि नोंदणीशिवाय हा धंदा करण्यावर बंदी आली. त्याआधी वर्षानुवर्षे अनुभवाच्या जोरावर काम करणाऱ्यांची नोंद वेगळ्या भागात करून घेण्यात आली. म्हणूनच जुन्या पिढीत पदवी नसलेले परंतु नोंदणीकृत दंतवैद्य आढळत. हा जुना कायदा बाजूला सारून राष्ट्रीय दंत आयोग आणणारा नवा कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला आहे.

यंत्रांनीही या धंद्याचे रूप पालटले. पायाने चालवायच्या यंत्रावर दात कोरण्याचा काळ पुष्कळ जणांच्या आजोबांनी पाहिला असेल. १९५७ साली हवेच्या झोतावर मिनिटाला तीन लाखांहून अधिक फेरे घेणारे यंत्र आले. दवाखान्यात 'सुंईऽऽ' असा जो आवाज येतो तो याच एअरोटरचा. भुलीचे लिग्नोकेन हे औषध १९४३ साली तयार झाले. या दोन गोष्टींमुळे दाताचे काम जवळजवळ दुखेनासे झाले. भीती मात्र अजून जुन्याच काळातली शिल्लक आहे.

पाच वर्षांचा रस्ता

बीडीएस म्हणजे चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश 'नीट'मधूनच होतो. पहिली दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र, रोगजंतू आणि प्लास्टरवर, मेणावर हात बसवणे. मेणाची दाढ हुबेहूब कोरता आली पाहिजे. ज्याला कोरीवकामात गोडी नाही त्याचा येथेच कंटाळा सुरू होतो. तिसऱ्या वर्षी औषधोपचार आणि शस्त्रक्रिया हे सर्वसाधारण विषय. कारण मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी यांची माहिती नसलेला माणूस दात काढायला बसला तर अनर्थ ओढवेल. शेवटच्या वर्षी हिरड्या, कवळी, मुलांचे दात, वेडेवाकडे दात, रूट कॅनाल, तोंडाची शस्त्रक्रिया, असे सारे विषय.

नायर आणि मुंबईचे शासकीय कॉलेज, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये यांत शुल्क बरेच कमी. आपल्या जवळ नेरुळ, बेलापूर, खारघर येथे खासगी कॉलेजे आहेत. तेथील शुल्काचा आकडा ऐकून पुष्कळ पालकांचीच दाढ दुखू लागते. आगरी समाज इतर मागासवर्गात मोडतो. त्यामुळे जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमी लेयर हे कागद अकरावीतच तयार ठेवावेत. निकालानंतर तहसील कचेरीत धावाधाव करून गेलेली जागा परत येत नाही. २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला. मात्र खासगी अभिमत विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. कॉलेज 'अभिमत' आहे की नाही, हे अर्ज भरण्यापूर्वीच विचारावे. एवढ्या एका शब्दाने घरचा लाखोंचा हिशेब बदलतो.

खुर्चीचा हिशेब

पदवी मिळाली म्हणजे कमाई सुरू झाली, असा समज असेल तर तो मनातून काढून टाकावा. देशात आज तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. नवा डॉक्टर पहिली दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्क्यावर किंवा ठरावीक पगारावर काम करतो. त्यातून मिळणारे पैसे पाहून घरचे म्हणतात, "एवढं शिकून एवढंच?" पण ही वर्षे वाया जात नाहीत. कॉलेजात एक रूट कॅनाल करायला आठवडे मिळतात, येथे रांगेत पाच माणसे बसलेली असतात. हाताला वेग आणि जिभेला गोडवा याच काळात येतो.

स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एअरोटर, हत्यारे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह आणि क्ष-किरण यंत्र लागते. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी करावी लागते. सुया, रक्ताचे बोळे, काढलेले दात हा जैववैद्यकीय कचरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांत आणि डब्यांत भरून अधिकृत संस्थेलाच द्यावा लागतो. शिवाय मदतनीस मुलीचा पगार, लाइट बिल, सिमेंट-औषधांचा खर्च आणि कॅप-कवळी बनवून देणाऱ्या लॅबचे बिल. पेशंट आला नाही तरी यातले बरेच खर्च थांबत नाहीत.

आणि या साऱ्याच्या वर असते ते जागेचे भाडे. ठाण्यात नवा दवाखाना बुडतो तो बहुतेक वेळा डॉक्टर वाईट म्हणून नव्हे, तर भाडे आणि कर्जाचा हप्ता पेशंट जमण्याआधीच संपत नाही म्हणून. येथेच बाळकुमच्या भूमिपुत्राच्या हाती हुकमाचा एक्का आहे. गावठाणात घराखाली ज्याचा स्वतःचा गाळा आहे, त्याची निम्मी लढाई सुरू होण्यापूर्वीच जिंकलेली असते. बाहेरून आलेला डॉक्टर पहिल्या वर्षी जे पैसे जागेच्या मालकाला देतो, ते याच्या खिशात राहतात. तो वाट पाहू शकतो. आणि या धंद्यात वाट पाहू शकणाराच शेवटी टिकतो.

वाट पाहणे का लागते, तेही समजून घ्यावे. दात काढणे हे पाच मिनिटांचे काम. पैसे थोडे, आणि तो दात पुन्हा कधी डॉक्टरकडे येत नाही. दात वाचवणे हे मात्र दोन-तीन खेपांचे काम. कीड दाताच्या आतल्या शिरेपर्यंत पोचली, की रात्री आडवे झाल्यावर ठणका सुरू होतो. मग भूल देऊन वरून छिद्र पाडायचे, सडलेली शीर काढायची, केसाएवढ्या बारीक सुयांनी मुळांतल्या नळ्या साफ करायच्या, त्यात रबरासारखा पदार्थ भरायचा आणि दात फुटू नये म्हणून वर कॅप बसवायची. मागच्या दाढेला अशा तीन-चार नळ्या असतात. एकही सुटली तर सहा महिन्यांनी गळू ठरलेले. हे सगळे करून घ्यायला पेशंटचा विश्वास लागतो. ज्याची दाढ वाचली तो बायकोला आणतो, बायको सासूला आणते. सासूची कवळी नीट बसली आणि तिने भावकीच्या हळदीत सगळ्यांसमोर बोंबील चावून खाल्ला, की पाटी लावण्याची गरज उरत नाही. साध्या दंतवैद्याचे पोट भरते ते असे, परत येणाऱ्या माणसांवर. त्याला लागतात आठ-दहा वर्षे, आणि तीही एकाच जागी.

जे काम आपल्या हातचे नाही ते दुसऱ्याकडे सोपवण्याची अक्कल हाही याच धंद्याचा भाग. अडकलेली अक्कलदाढ, तारांचे काम, हाडात बसवायचे कृत्रिम दात यांसाठी तज्ज्ञ डॉक्टर ठरावीक वारी दवाखान्यात येतात आणि आपला हिस्सा घेऊन जातात. सगळे मीच करीन म्हणणारा एक दिवस अडकतो.

पिकते तिथे विकत नाही

गावच्या पोराला गावात दवाखाना सोपा, असेही नाही. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. ज्याला चड्डीत हिंडताना पाहिले त्याच्यासमोर तोंड उघडून बसायला मोठी माणसे बिचकतात. "कालचं पोर, त्याला काय येतं?" म्हणत रिक्षा करून स्टेशनकडे जातात, जास्त पैसे देतात आणि परत येऊन याच पोराला विचारतात, "बरोबर केलंय का रे त्यांनी?"

दुसरे दुखणे उधारीचे. अख्खे गाव काका, मामा, आत्या. त्यांच्याकडून पैसे मागायचे कसे? आणि आमच्यात पैशाचा विषय काढला की माणूस मोठा झाला, शेफारला, असे म्हणतात. यावर शहाणे डॉक्टर एक उपाय करतात. दर भिंतीवर लावतात, खर्च आधी सांगतात आणि नात्यातल्या माणसाला सूट देतात ती कागदावर लिहून देतात. तपासणी फुकट, पण लॅबला द्यायचे पैसे आगाऊ. एवढा नियम पाळला तरी नाते आणि दवाखाना दोन्ही टिकतात.

तिसरी गोष्ट समजुतींची. दात काढला की नजर जाते, असे अजूनही लोक मानतात. दाताच्या शिरेचा डोळ्याच्या दृष्टीशी संबंध नाही, हे प्रत्येकाला नव्याने सांगावे लागते. दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, ही आणखी एक समजूत. खरे तर हिरडीखाली साचलेल्या दगडासारख्या थराने हाड आधीच झिजलेले असते. थर निघाला की दात मोकळा झालेला दिसतो एवढेच. हे सगळे आगरी बोलीत, आजीच्या हाताला हात लावून सांगणारा डॉक्टर असला, तर आजी ऐकते. तेथे संकुलातल्या चकचकीत दवाखान्याचे काही चालत नाही. बोली ही आपल्या पोरांची दुसरी इस्टेट आहे.

मशेरी, पुडी आणि तीन बोटे

दंतवैद्य हा दाताचा मेस्त्री नव्हे, हे आपल्या भागात तर फारच खरे आहे. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळी हिरड्यांना चोळायची, ही मशेरीची सवय आपल्या आयाबायांत जुनी. दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार वेळा लागते. पुरुषांत तंबाखू-चुना, तरुणांत गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवर पुडी मागून पाहावी! २०१६-१७ च्या राष्ट्रव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू घेतात, असे आढळले. म्हणजे दर चार माणसांमागे जवळजवळ एक. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे.

सुपारी-गुटख्याने गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते, तिखट सोसवत नाही, हळूहळू तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे कुणालाही घरी पाहता येते. जात नसतील तर उशीर करू नये. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे औषध घेऊनही न भरणारी जखम, हलू लागलेला दात पण कीड नाही, ही लक्षणे दाढ दाखवायला आलेल्या माणसात दंतवैद्यालाच प्रथम दिसतात. अशा वेळी वरचेवर मलम न देता ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयात, कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा परळच्या टाटा रुग्णालयात त्याला वेळेवर धाडणे, हे कुठल्याही रूट कॅनालपेक्षा मोठे काम आहे. त्याचे पैसे मिळत नाहीत. पण एका घरातला कर्ता माणूस वाचतो. ज्याला अशा कामात समाधान वाटणार नाही, त्याने गाळा मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यावा हे बरे.

सहाव्या वर्षीची दाढ

दुसरे असेच दुर्लक्षित काम मुलांचे. दुधाचे दात २०, पक्के ३२. मूल सहा वर्षांचे झाले की दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता ती येते. त्यामुळे आईला ती दुधाचीच वाटते. "पडणारच आहे" म्हणून कीड लागली तरी कुणी पाहत नाही. पण ही पक्की दाढ असते, जन्मभराची. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या देशव्यापी पाहणीत बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्यानंतर बिस्किटे, वेफर आणि शीतपेये वाड्या-पाड्यांवर पोचली आहेत. गावच्या शाळेत वर्षातून एकदा जाऊन पहिली-दुसरीच्या मुलांची ही एक दाढ जरी कुणी पाहिली, तरी शेकडो दाढा वाचतील. आणि गावच्या डॉक्टरची ओळखही याहून चांगल्या तऱ्हेने होणार नाही.

दवाखान्याव्यतिरिक्त काय?

प्रत्येकाने दवाखानाच काढावा असे नाही. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत, ग्रामीण रुग्णालयांत दंत शल्यचिकित्सकाच्या जागा असतात. राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रमातही काम आहे. जागा थोड्या आणि अर्ज फार, पण शहापूर-मुरबाडकडे जायची तयारी असलेल्याने प्रयत्न सोडू नये. लष्करात १९४१ पासून स्वतंत्र दंत दल आहे. एमडीएस करायचे तर आणखी तीन वर्षे आणि पुन्हा 'नीट'. शिकवण्याची नोकरी पुढे त्यावरच मिळते.

धोक्याची बाजूही सांगितली पाहिजे. दिवसभर वाकून काम केल्याने मान आणि कंबर चाळिशीतच बोलू लागते. सुई टोचण्याची भीती कायम. आणि हात थांबला की कमाई थांबते. २०२० साली करोनाच्या लाटेत बाळकुम-साकेत येथे हजारावर खाटांचे कोविड रुग्णालय उभे राहिले, तेव्हा दाताचे दवाखाने आठवडेच्या आठवडे बंद होते. तोंडातून उडणारा तुषार हाच धोका ठरला होता. हप्ते मात्र चालू होते. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय दवाखाना काढू नये, हा धडा त्या वर्षाने दिला.

तोळ्यांपेक्षा गाळा

आता पालकांसाठी दोन शब्द. जमिनीचे पैसे हाती आले तेव्हा गाड्या आल्या, बंगले झाले, हळदी गाजल्या. त्यात वाईट काही नाही. परंतु मुलगी बीडीएस झाली असेल तर तिच्या लग्नात किती तोळे घालायचे याची चर्चा करण्याआधी, तिला एक खुर्ची आणि एक गाळा देता येईल का, याचा विचार व्हावा. दंत महाविद्यालयांत आज मुली मोठ्या संख्येने आहेत. लग्नानंतर घर बदलले की यातल्या पुष्कळ मुलींचा दवाखाना बंद पडतो, कारण पेशंटचा विश्वास टेम्पोत घालून दुसरीकडे नेता येत नाही. आपल्याकडे मुली बहुधा काशेली, काल्हेर, दिवे, कळवा अशा हाकेच्या अंतरावर दिल्या जातात. सासर-माहेरच्यांनी ठरवले तर तिचा दवाखाना आहे तिथे चालू राहू शकतो. १९२३ साली फातिमा जिना यांनी मुंबईत दाताचा दवाखाना काढला, त्या काळात बाईने हत्यार हातात धरणे हीच नवलाची गोष्ट होती. आज नवल उरलेले नाही. खोळंबा आहे तो घरच्यांच्या मनाचा.

मुलगा असो वा मुलगी, बीडीएसचा अर्ज भरण्याआधी तिला किंवा त्याला ओळखीच्या दवाखान्यात आठवडाभर बसवावे. रक्त, थुंकी, वास, रडणारे मूल, घासाघीस करणारा पेशंट हे सगळे पाहून घेऊ द्यावे. आठव्या दिवशी पोर उत्साहात असेल तर घालावे. "एमबीबीएस मिळाले नाही म्हणून हे" असे तोंड करून आले असेल तर पैसे आणि पाच वर्षे दोन्ही वाचवावीत.

मग दात कोरून पोट भरते काय? भरते. पण ते लवकर भरत नाही, आणि नुसते दात उपटून तर कधीच भरत नाही. ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे, आपली बोली आहे आणि दहा वर्षे एका खुर्चीमागे उभे राहण्याची चिकाटी आहे, त्याचे भरते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बाळकुमच्या मुलांना वाडवडिलांनी देऊन ठेवल्या आहेत. तिसरी ज्याची त्याने आणायची.

तोवर वाचकांनी एक काम आजच करावे. घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर त्याला उजेडात उभे करून "आ" करायला लावावे आणि सगळ्यांत मागची दाढ पाहावी. तिच्यावर काळा ठिपका दिसला तर ती पडणारी नाही, एवढे ध्यानात ठेवून जवळच्या दवाखान्याची पायरी चढावी.